मधल्या खांबापाशी बसलेली मुलगी

"फोलोले, तुझ्या बापाला सांग, नळ गळतोय."

"फोलोले, तुझ्या आईला सांग, मला ऐकू येतं!"

ऑकलंडच्या मांगेरे भागात सेफो आणि लूपेचा संसार असा चाले. भांडण नव्हतं हो त्यांच्यात! सामोआहून आले तेव्हा दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. मग सात वर्षांची थोरली लेक फोलोले बँकेत, दवाखान्यात, घरमालकापुढे त्यांच्या वतीने बोलू लागली. पुढे घरातही तीच बोलू लागली. धाकट्या दोघी बहिणींना रागावणं तिचं, आईबापाची समजूत काढणंही तिचंच. आता ती अठराची झाली होती. चर्चमध्ये लोक म्हणत, "पोर असावी तर अशी!" आणि सेफोची मान ताठ व्हायची. आपल्या घरातही अशी एखादी गुणी पोर असेल, जरा आठवून पाहा.

या पोरीला दूर डनीडनच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिने घरी चकार शब्द काढला नाही. नकाराचं पत्र लिहून दप्तरात ठेवलं आणि तिचं अन्नावरचं मन उडालं. घरात कुणाला पत्ताच नाही, कारण सामोअन घरात पोरं मोठ्यांना वाढून मग मागून जेवतात. तिचं ताट बघणार कोण? शेवटी शाळेच्या लक्षात आलं आणि शाळेने आसेनातीबाईंना पाठवलं. बाई त्यांच्याच बेटावरच्या. विस्कटलेल्या कुटुंबांची घडी बसवून देणं हाच त्यांचा पेशा.

रविवारी चर्च सुटल्यावर बाई जेवायलाच आल्या. अळूच्या पानांची, नारळाच्या दुधातली पालूसामी पुढे आली. सेफो आणि लूपेच्या मध्ये बसून फोलोले वाढत होती, वारा घालत होती.

"लूपे, नवऱ्याशी शेवटचं कधी बोललीस गं?" बाईंनी विचारलं.

"फोलोले, सांग बाईंना, आम्ही रोज बोलतो."

बाई खळखळून हसल्या. "अगं, मी सामोअनच बोलतेय ना? मग मध्ये दुभाषी कशाला?"

सेफोला ते लागलं. "आमची पोर सेवा करते, बाई. सेवा हीच आपली शोभा."

"खरंय. बरं, गावचं घर कसं होतं रे तुझं?"

सेफोचा चेहराच बदलला. सवाई बेटावरचं ते घर! एकही भिंत नाही, नुसते खांब आणि वर गवताचं छप्पर. पाऊस आला की माडाच्या झावळ्यांचे पडदे सोडायचे, थांबला की गुंडाळायचे. समुद्राचा वारा आरपार. "पुढच्या मधल्या खांबापाशी माझे आईवडील, शेजारी शेजारी," तो हाताने जागा दाखवत म्हणाला. "आम्ही पोरं मागे. नारळ खवायचो आणि हसायचो. इतकं हसायचो की आजी चप्पल फेकायची!"

"भिंत नव्हती, तरी ज्याची जागा त्याला ठाऊक होती," बाई हळूच म्हणाल्या. "मग सेफो, या घरात मधल्या खांबापाशी कोण बसलंय?"

सेफोने शेजारी पाहिलं. अरे देवा! तिथे त्याची लेक बसली होती, आणि ती हसत नव्हती!

"मोठ्यांची सेवा वेगळी, मोठ्यांचं काम वेगळं," बाई म्हणाल्या. "ही सेवा नाही करत. ही तुम्हा दोघांची आई झालीय. ऊठ पोरी, बहिणींजवळ बस. आणि आमच्या आधी जेव, पाहुणीचा शब्द आहे. तुम्ही दोघं सरका जवळ!"

दोघं नव्या जोडप्यासारखी अवघडून बसली.

"लूपे," सेफो खाकरला, "पोर इतकी वाळलीय का गं?"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

"मला वाटलं, तुला!"

फोलोले सवयीने मध्ये बोलायला उठली. बाईंनी हात वर केला. "तू जेव. त्यांचं ते बघतील."

मग दोघांनी मिळून लेकीला विचारलं, आणि तिने रडत रडत डनीडनचं सांगितलं. सेफो हादरला. "तू गेलीस तर आमचं कसं होणार, पोरी?"

उत्तर लूपेने दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने थेट नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. "सेफो, ते आपण दोघं बघू."

फोलोलेने ते नकाराचं पत्र फाडलं आणि सोमवारी सकाळी होकार कळवला.

फेब्रुवारीत ती गेली. त्या संध्याकाळी घर अगदी खायला उठलं. मग लूपे म्हणाली, "सवाईच्या बोटीवर तू पहिल्यांदा मला पपई दिलीस, आठवतं? कच्ची होती."

"आणि तू गोड म्हणून खाल्लीस!" सेफो हसला, आणि दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

बंधुभगिनींनो, परक्या मुलखात गेलेलं घर एकमेकांना घट्ट धरून राहतं. ते राहावंच! पण त्या मिठीत एखाद्या लेकराचा श्वास तर कोंडत नाही ना, हे बघणं आपलं काम. मुलांनी आपल्याला आईबाप म्हणावं असं वाटत असेल, तर आईबापाचं ओझं आपणच उचलायला हवं.