मांडीवरची थाप

कुरुंद्याच्या तालमीत ग्यानबा पहिलवानाने चाळीस वर्षे मल्ल घडवले. त्याच गावच्या शाळेत मी जवळजवळ तितकीच वर्षे संस्कृत शिकवले. आम्हा दोघांच्याही हाताखालून गेलेली विद्यार्थिनी एकच, त्याची कन्या प्रतिक्षा. कुस्ती सोडून ती एमएमएकडे वळली, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि पेच यांनी लढायच्या त्या नव्या खेळाकडे, तेव्हा ग्यानबाने वर्षभर तिच्याशी अबोला धरला. पण पुण्याच्या निवड स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोहोचल्याचे कळताच तो स्वतः फेटा बांधून विश्वंभरच्या हॉटेलात सर्वांच्या पुढे येऊन बसला.

त्या हॉटेलातल्या टीव्हीवर एरवी फुटबॉलचे राज्य असते. पंचांनी अन्यायाने रद्द केलेले गोल विश्वंभरने मोबाइलमध्ये जपून ठेवले आहेत आणि चहाबरोबर ते दाखवल्यावाचून तो गिऱ्हाइकाला उठू देत नाही.

अंतिम लढतीच्या दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्धी मुलीने प्रतिक्षाचा उजवा हात पायांच्या कैचीत धरून कोपर उलटे ताणले. प्रतिक्षाने मोकळ्या डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर दोनदा थाप मारली. पंचाने तत्क्षणी लढत थांबवली. त्या खेळात थाप म्हणजे शरणागती.

ग्यानबा ताडकन उभा राहिला. "अरे, शड्डू ठोकला माझ्या लेकीनं! हरली कुठं?"

"बराबर!" विश्वंभर ओरडला. "ऑफसाइड नसताना गोल रद्द केला की हो, गुरुजी!"

मला ते पटले. खरे तर ते पटावे अशीच माझी इच्छा होती. त्याच दुपारी मी खेळाच्या संघटनेला चार पानी निवेदन लिहिले. मांडीवर थाप मारणे हे आमच्याकडे आव्हान समजले जाते, संस्कृतात त्यास आस्फोटन म्हणतात, पंचांचा निर्णय या अर्थाच्या अज्ञानातून झाला, सबब लढत पुन्हा घ्यावी. इतके रेखीव गद्य माझ्या हातून क्वचितच उतरले असेल. विश्वंभरने ते मोबाइलवरून गावोगावी पाठवले आणि आठवड्याच्या आत पार जवळा बाजार गावापर्यंत निषेधाचे फलक लागले. संघटनेचे उत्तर आले: खेळाडूने स्वतः सही करून तसे कळवावे, मग विचार करू.

प्रतिक्षा गावी परतली आणि दुसऱ्या सकाळी माझ्या ओसरीवर आली. उजवा हात गळ्यात बांधलेला होता.

"गुरुजी, तो शड्डू नव्हता."

मी चष्मा काढून हातात धरला.

"कोपर कडकडलं. मीच थाप दिली. त्या खेळात तसंच सोडवून घेतेत, त्यात लाज न्हाई. पण इथं कोणी ऐकूनच घेईना. आबाला सांगितलं तर म्हणतेत, पोरी, तुला धक्का बसलाय, तुला आठवत न्हाई."

"मग सही करू नकोस."

"अन् आबा? वरीसभर माझ्यासंग बोलले न्हाईत. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा फोटो दाखवून राहिलेत. तुमी सांगा त्यांना, गुरुजी. तुमचं ऐकतील ते."

मी होकार दिला. इतक्यात ग्यानबाच फाटकातून आत आला. हाती माझेच निवेदन होते.

"ग्यानबा," मी आरंभ केला, "त्या थापेविषयी मला थोडे..."

त्याने फेटा उतरवून माझ्या पायांशी ठेवला. "काही बोलू नका, गुरुजी. तुमच्या कागदानं माझ्या तालमीची इज्जत राखली."

प्रतिक्षा माझ्याकडे पाहत होती. मी निवेदनाच्या शेवटच्या पानाकडे पाहिले. एका शब्दावरचा अनुस्वार पुसट झाला होता. मी लेखणी काढून तो ठळक केला आणि लेखणी तिच्यापुढे धरली.

तिने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. मग लेखणी खाली ठेवून त्याच हाताने स्वतःच्या मांडीवर हळूच दोनदा थाप मारली. तिची दृष्टी माझ्यावरच होती.

"बघा, बघा गुरुजी," ग्यानबा डोळे पुसत हसला, "अजून शड्डू ठोकून राहिली!"

"व्हय," मी म्हणालो.