मुलींच्या बाजूचं दार

पीटीसरांना मुलं पाठीमागे रेडा म्हणत आणि पीटीसरांना ते नाव मनापासून आवडायचं. गैरहजर पोरांना घरून उचलून आणणं हे त्यांचं खातं. कुणाला कॉलरला धरून, कुणाला कानाला धरून, फारच लाजाळू असेल त्याला खांद्यावर टाकून. वाटेत चार रट्टे पडत. ते शिक्षणात धरले जात.

यंदा मात्र सातवीच्या मुली एकेक करून गळायला लागल्या. शेवटी हेडमास्तरांनी पीटीसरांना केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारी तपासणी आहे. मुली दिसल्या नाहीत तर वर्ग बंद. आणि मास्तर, पहिली गळाली ती तुमची सख्खी भाची. सुरुवात घरातूनच करा."

ही भाची म्हणजे शाळेतली सगळ्यांत वेगाने पळणारी पोर. तिला पळायला पीटीसरांनीच शिकवलं होतं. ती बसली होती आईच्या चिकनच्या दुकानात, मागच्या बाजूला, पिसं उपटत.

"ताई, पोरीला शाळेत पाठव."

"ती नाही म्हणते."

"लाडावून ठेवलीयस."

"हो ना. म्हणून तर पिसं काढायला बसवलीय. आता कायमचीच बसणार म्हणते." ताईने सुरा न थांबवता सांगितलं.

पीटीसर आत गेले आणि त्यांनी भाचीचं मनगट धरलं. तिने खांबाला मिठी मारली. ओढलं तरी सुटेना, तेव्हा त्यांनी तिच्या कानाखाली जाळ काढला. भाचीवर मामाचा हात पहिल्यांदाच उठला होता, आणि तो हलका नव्हता. तिच्या ओठातून रक्त आलं.

ताईने सुऱ्याची पाठ त्यांच्या कोपरावर घातली. मग दोघं भावंडं लहानपणी लोळायची तशी लोळली, फक्त आता वजनं वाढली होती. पिंजरे कोसळले. ताईने त्यांचं डोकं फरशीवर दोनदा आपटलं. त्यांनी तिच्या झिंज्या धरल्या, तशी ती त्यांच्या अंगठ्याला कडाडून चावली. एक गिऱ्हाईक कोंबड्यांना वाट देत बाजूला सरकलं आणि म्हणालं, "माझं सावकाश होऊ द्या."

"मामा," भाची रक्त पुसत म्हणाली, "शाळेत आमच्या संडासाला दार नाहीये. एकीने बसायचं, दोघींनी ओढणी धरायची. मुलं भिंतीवर चढून दगड मारतात. आम्ही घरून निघताना पाणीसुद्धा पीत नाही."

"कुणी मोडलं दार? नाव सांग. हाडं मोडतो त्याची."

भाचीने आईकडे बघितलं. ताई सुरा पुसत होती.

"मग लाग मोडायला," ती म्हणाली. "आधी कुठलं हाड घेतोस स्वतःचं?"

पीटीसरांना आठवलं. तास चुकवून एक पोरगा मुलींच्या बाजूला लपला होता आणि त्यांनी एका लाथेत दार पाडलं होतं. पोरगा दोन दात कमी होऊन वर्गात हजर झाला. प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी त्यांचं कौतुक केलं होतं. दाराच्या फळ्या शिपायाने चहाखाली जाळल्या. चहा पीटीसरही प्याले होते.

ते तसेच, अंगावर पिसं घेऊन, शाळेत गेले.

"प्रस्ताव गेलाय," हेडमास्तर म्हणाले. "दार मंजूर झालंय. बिजागऱ्या अडकल्यात, त्या दुसऱ्या खात्याकडे येतात."

"तोवर तुमचं द्या."

"माझं? बसू कसा मग मी?"

"मुली बसतात तसंच."

पीटीसरांनी केबिनच्या दाराला खांदा लावला. शिपाई त्यांच्या पाठीवर चढला. त्यांनी त्याला बाकावर असं आदळलं की बाक आणि बरगडी दोन्ही वाजली. हेडमास्तरांनी पेपरवेट त्यांच्या कपाळावर हाणला आणि दाराची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. पीटीसरांना चौकटीच्या फटीतली ती बोटं दिसली. दिसली, तरी त्यांनी लाथ घातली.

काड्या मोडाव्यात तसा आवाज झाला. हेडमास्तर खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. पीटीसरांनी दार डोक्यावर घेतलं.

मुलींच्या संडासाला ते रुंद भरलं. ताई दुकानातून तार आणि खिळे घेऊन आली. दोघं एकमेकांशी एक शब्द न बोलता ठोकत राहिली. दारावरची पाटी काढायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही: 'मुख्याध्यापक. परवानगीशिवाय आत येऊ नये.'

सोमवारी मुली आल्या, आणि वर्ग वाचला. तपासणीच्या साहेबांनी उपस्थिती समाधानकारक असल्याचं लिहिलं आणि प्लास्टर घातलेल्या हातांशी हस्तांदोलन करायचं सभ्यपणे टाळलं. मुख्याध्यापकांचं कार्यालय विद्यार्थ्यांसाठी कायम उघडं असतं, याबद्दल त्यांनी खास शेरा दिला.

पीटीसर निलंबित झाले. वर पोलिसांत तक्रार. शाळेच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद. पण ती ताकीद यायच्या आधीच भाचीने आईला आपली अट सांगून टाकली होती: शाळेत जाईन, पण तिथे मामा दिसता कामा नये.

आता ते ताईच्या दुकानात मागच्या बाजूला बसून पिसं उपटतात. अंगठा सुजलाय, त्यामुळे काम रेंगाळतं. पहिल्याच सकाळी भाची दप्तर घेऊन दुकानावरून निघाली. गालावर त्यांची बोटं अजून निळी होती.

"पोरी," त्यांनी आतून हाक मारली.

तिने मागे बघितलं नाही, पळत सुटली. पावलं नेमकी पडत होती, खांदे सैल, मान सरळ. दुरुस्त करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

"हात चालव," ताई म्हणाली.