सोमारीच्या मोहावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. पण खिळे ठोकणाऱ्यांतला नव्हे. चांद्याच्या एका लोहाराने मला घडवले. माझ्या एका अंगाला कुऱ्हाडीसारखी धार आहे आणि दुसऱ्या अंगाला उलटी अक्षरे. धारेने झाडाची साल सोलायची आणि उघड्या लाकडावर शिक्का हाणायचा, एवढेच माझे काम. पण तेवढ्यावर मी जंगलात मोठ्या तोऱ्यात मिरवलो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सारा घोळ तिथेच झाला. जंगलाचा जो भाग तोडायला देतात, त्याला कूप म्हणतात. काही कुपांत माझा शिक्का असलेली झाडे राखतात आणि बाकीची तोडतात. काही कुपांत नेमके उलटे. शिक्क्याचीच झाडे पडतात. कुठे काय, ते माणसांनी ठरवायचे. मला दोन्हीकडे सारखेच हाणतात.

मी गोंडपिपरीच्या पलीकडच्या एका जंगलगावात नाकेदार मुखरूच्या हाती होतो. जंगलाची राखण करणारा तो नाकेदार. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षे झाली होती. एक दिवस जंगलखात्याचे गुणवंतराव साहेब गावच्या शाळेत आले. ते मुलांना म्हणाले, "शहरातल्या शेगड्यांना कोळसा लागतो, म्हणून यंदा इथं कूप पडणार. पण आता राज्य आपलं आहे. कोणती झाडं राहावीत, हे तुम्हीच सांगा."

नानाजी गुरुजींची छाती फुगली. मुलांनी दोन दिवस वाद घातला आणि ठरवले की पोटाला देणारी झाडे राहावीत. सर्वांत पुढे सोमारी नावाची मुलगी होती. तिच्या घराचे मोहाचे एक झाड त्या कुपात उभे होते. चैतात घरातले धान्य संपले की त्याच मोहाच्या फुलांवर तिचे घर तगत असे. साहेबांना मुलांचे म्हणणे पटले. त्यांनी मुखरूला बजावले, "मुलं दाखवतील ती झाडं सोड. त्यांच्यावर शिक्का नको, या कुपात शिक्क्याचीच झाडं पडणार." आणि ते दौऱ्यावर निघून गेले.

तेवढ्यात मुखरू तापाने आडवा झाला. त्याच्या जागी लटारू आला. मुखरूने कण्हत कण्हत त्याला एवढेच सांगितले, "पोरं झाडं दाखवतीन. साहेबाचा हुकूम होय." पुढचे राहून गेले. खाटेखाली पडून मी ते ऐकले आणि माझ्या पोलादाला घाम फुटला.

मुलांनी आदल्या साली शेजारचे कूप पाहिले होते. तिथे शिक्क्याची झाडे वाचली होती. त्यामुळे शिक्का म्हणजे राखण, असे त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. सोमारी लटारूचा हात धरून मोहापाशी घेऊन गेली.

"भाऊ, पहिले याच्यावर मारा जी. हे आमच्या घरचं होय."

लटारू थबकला. "पक्कं ना बाई? मंग तुह्या मायनं मले बोल लावू नये."

"मायच म्हणे, आपला मोह पहिले दाखवजो."

मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठे आहे? लटारूने मला उचलले आणि साल सोलली. शिक्का खोल उमटला तशी सोमारी हसली आणि पुढचे झाड दाखवायला पळाली. तोडायची झाडे गावानेच नेमून दिली, असे लटारूला वाटले. त्या दिवशी पोरांनी हौसेने गावचे सगळे मोह मला दाखवले.

पौषात ठेकेदाराची माणसे आली. मोह पडल्याचे कळताच सोमारी धावत आली. तोवर फांद्याही छाटून झाल्या होत्या. ती बुंध्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "याच्यावर त शिक्का होता."

"म्हणूनच तोडलं बाई," लटारू म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "तूच दाखवलं ना. मी इचारलं होतं तुले, पक्कं का म्हणून."

ती त्याच्यावर चिडली असती तर मला बरे वाटले असते. मोहाचा कोळसा झाला आणि शहराकडे गेला. चैतात तिची आई सुकरी तिला घेऊन दूरच्या गावी मजुरीला निघाली. शाळा तिथेच सुटली.

पुढच्या साली साहेब पुन्हा आले. घोळ त्यांच्या कानावर गेला होता, त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि मग मुलांना विचारले, "बरं, यंदा तुमचं काय म्हणणं?" सगळा वर्ग मान खाली घालून बसला. साहेब गुरुजींना म्हणाले, "यंदाची मुलं जरा लाजाळू दिसतात."

मित्रांनो, आता मी नाक्यावर गंजत पडलो आहे. माझी एवढीच विनवणी आहे. कोणी तुमचे मत विचारले तर जरूर सांगा. पण त्याचे पुढे काय करणार, तेही तिथल्या तिथे विचारून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही गप्प बसाल आणि मोठी माणसे त्याला लाजणे म्हणतील.