कागद उद्या पाठवा

ऑरव्हिल टॅकेटनं बारा वर्षं फलंदाजामागं उकिडवं बसून चेंडू झेलले होते. आता तो अमेरिकेत आयोवातल्या एका लहान बेसबॉल संघाचा मॅनेजर होता. हा संघ ज्या मोठ्या संघासाठी खेळाडू घडवायचा, त्या वरच्या संघाचा सकाळी फोन आला, की फलंदाजामागं बसणाऱ्या लाईलला, आपल्या कॅचरला, आजच काढून टाका.

त्यानं लाईलला खोलीत बोलावलं.

"बस."

"उभाच बरा, कोच. या गुडघ्यांनी बसलो की उठवत नाही."

"वरच्यांनी तुला काढलंय, लाईल."

लाईलचा चेहरा उतरला. "बाबा निघालेत नेब्रास्काहून. आजची मॅच बघायला."

ऑरव्हिलनं वरच्या संघाला फोन लावला. "तो आज खेळणार. त्याला काढल्याचे कागद उद्या पाठवा, नाहीतर सोबत माझेही पाठवा."

लाईल शेवटपर्यंत खेळला. संघ हरला. मॅचनंतर लाईलच्या म्हाताऱ्या बाबांनी ऑरव्हिलला विचारलं, "कसा खेळतो पोरगा?"

"माझ्यापेक्षा चांगला," ऑरव्हिल म्हणाला, आणि ते खरं होतं.