चोवीस सेकंदांनंतर

सुनेने चहाचा कप पुढे ठेवला, शेजारी एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली, आणि घड्याळकाकांनी ओळखलं की काहीतरी गडबड आहे. एरवी ती कप ठेवून बॅग उचलायची आणि धावत सुटायची. आज ती खुर्ची ओढून समोर बसली.

"बाबा, शेवटचं पान आधी बघू नका," ती म्हणाली.

काकांनी अर्थातच शेवटचं पान आधी उघडलं.

शहरातल्या व्यावसायिक बास्केटबॉल क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि पुस्तिका त्या सोहळ्याची होती. पन्नास हंगामांतले निवडक वीस संघ घेऊन त्यांची क्रमवारी लावली होती. सून क्लबात आकडेवारी सांभाळायची. कुणी कुठून किती चेंडू टाकले, त्यातले किती आत गेले, कोण किती धावलं, हे सगळं तिच्या कॉम्प्युटरमध्ये असायचं. क्रमवारी तिनेच लावली होती. पहिला नंबर यंदाच्या संघाचा. विसावा, म्हणजे तळाचा, एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या विजेत्या संघाचा. त्या संघात चेंडू खेळवायचं काम घड्याळकाकांकडे होतं.

"दर शंभर चेंडूंमागे किती गुण, असं काढलंय," सून हळूच म्हणाली. "म्हणजे काळ वेगळा असला तरी तुलना होते. तीन गुणांची रेष तुमच्या वेळी नव्हती, तेही धरलंय. मी दोनदा तपासलं. तिसऱ्यांदासुद्धा तपासलं."

"मग बरोबरच असणार," काका म्हणाले. आणि हसले. ते हसणं जरा वरवरचं होतं. मुलाने ते पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

खुर्चीत विणत बसलेल्या काकूंना मात्र राहवलं नाही. "अगं, त्यात तपासायचंय काय? मी होते ना त्या फायनलला. आमचं लग्न नुकतंच ठरलं होतं, म्हणून मला पुढची जागा दिलेली. हे शेवटची अकरा मिनिटं चेंडू घेऊन नुसते इकडून तिकडे. टाकायचं नावच नाही. एकवीस-वीस असा सामना संपला, तोवर माझी स्वेटरची एक अख्खी बाही विणून झाली होती."

सगळे हसले. काकाही हसले. हा किस्सा काकूंनी लग्नात सांगितला होता, बारशाला सांगितला होता, मुलाच्या लग्नात सुनेच्या माहेरच्यांना सांगितला होता, आणि प्रत्येक वेळी काका हसत आले होते. प्रत्येक वेळी आत कुठेतरी बारीकसं खुपायचं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. साऱ्या जगाने कंटाळवाणं म्हटलं असतं तरी त्यांनी खांदे उडवले असते. पण ज्या अकरा मिनिटांत आपण आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं, तेव्हा हिने एकदासुद्धा मान वर करून पाहिलं नाही, हे काही त्यांच्या मनातून जात नव्हतं.

त्या फायनलनंतर लीगने नियमच बदलला. चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांत बास्केटकडे टाकायचा, नाहीतर भोंगा वाजतो आणि चेंडू समोरच्यांकडे जातो. लोक म्हणत, हा नियम एका माणसामुळे आला. संघातले त्यांना 'कासव' म्हणायचे ते तेव्हापासूनच. पुढे त्यांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि गेली बारा वर्षं क्लबच्या सामन्यांना पंचांच्या टेबलावर बसून तेच चोवीस सेकंदांचं घड्याळ चालवायचं काम काका करत होते. ज्याच्यामुळे भोंगा आला त्यानेच तो वाजवायचा, यावर क्लबात अजूनही विनोद व्हायचे.

दुपारी दुकानात खांब आला. खांब म्हणजे त्या जुन्या संघाचा सेंटर, बास्केटखाली उभा राहणारा सगळ्यात उंच गडी. उंची अजून दरवाज्याला पुरून उरणारी, एक गुडघा नवा बसवलेला आणि राग पहिल्यासारखाच. त्याने पुस्तिका काउंटरवर आपटली. काचेखालची घड्याळं थरथरली.

"कासवा, ही तुझ्या घरात शिजली! विसावे? आपण? हे आजचे खेळाडू नखाला लागलं तरी तीन आठवडे विश्रांती घेतात. आपण बोट सुजलेलं असताना खेळलो."

"म्हणूनच तुला फ्री थ्रो जमायचे नाहीत," काका भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

तेवढ्यात भिंगरी आत आला. हा यंदाच्या संघाचा चेंडू खेळवणारा, म्हणजे काकांच्याच जागेवरचा. वय तेवीस, स्वतःभोवती अशी गिरकी घ्यायचा की समोरचा चुकीच्या दिशेला निघून जायचा. त्याचं घड्याळ दुरुस्तीला होतं. त्याने पुस्तिका पाहिली, खांबाचं तोंड पाहिलं आणि पाय मागे घेतला, पण उशीर झाला होता.

"ये, ये, पहिला नंबर," खांब म्हणाला. "सांग मला, आमचा तो चेंडू तुला उचलवला असता का? भिजला की दगड व्हायचा."

"काका, आमच्या सरावात आम्ही तुमच्या त्या चेंडूच्या दहापट वजन उचलतो. तेसुद्धा नाश्त्याआधी."

"वजन उचलून काय, हमाली करायचीय? आमच्या वेळी पंच शिट्टी वाजवायचा तो हाड मोडल्यावर."

"आणि आमच्या वेळी समोरचा आठ मीटरवरून बास्केट मारतो. तुमच्यातला कुणी तिथवर अडवायला तरी गेला असता?"

"आठ मीटरवरून आम्ही फक्त हाक मारायचो," काका म्हणाले, आणि खांबालाही हसू आवरलं नाही.

भिंगरी काउंटरवर रेलला. मुलगा उद्धट नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "काका, राग मानू नका. पण चोवीस सेकंदांत खेळायला लागलं असतं तर तुम्हाला जमलं असतं?"

दुकानात पन्नासेक घड्याळं होती. काकांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली.

"नसतं जमलं," काकांनी भिंग काढून खाली ठेवलं. "आता तू सांग. तुला पंचविसावा सेकंद खेळता येतो?"

"पंचविसावा सेकंद नसतोच, काका."

"आमच्या वेळी होता."

खांबाने काउंटरवर थाप मारली आणि सामनाच लावायचं सुचवलं. सोहळ्याच्या दिवशी संध्याकाळी क्लबच्या मुख्य सामन्याआधी दहा मिनिटं, जुने विरुद्ध नवे, जुन्या नियमांनी, घड्याळ बंद ठेवून. हे ठरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. भिंगरीला आधी वाटलं की ही थट्टा आहे. मग त्याने काकांचे डोळे पाहिले आणि आपलं घड्याळ न घेताच निघून गेला.

घरी हे कळल्यावर सून समोर येऊन उभी राहिली. "बाबा, माझ्या यादीमुळे तुम्ही पाय मोडून घेणार असाल तर मी यादी मागे घेते."

"यादी बरोबर आहे. टाकलेल्या चेंडूंचा हिशोब तू चोख केलास. पण न टाकलेल्या चेंडूसाठी तुझ्याकडे रकाना आहे का?"

सुनेने विचार केला. ती प्रामाणिक मुलगी होती. "नाही," ती म्हणाली.

"मी येते हं बघायला," काकू म्हणाल्या आणि निळ्या लोकरीचा नवा गुंडा शोधायला उठल्या. "लोकर घेऊनच येते. तुमचा खेळ म्हटलं की हाताला काम हवं."

काका यावरही हसले. पण त्या रात्री पलंगावर पडल्यापडल्या त्यांनी मनाशी कबूल केलं की जिंकणं-हरणं गेलं खड्ड्यात, हिने एकदा मान वर करावी एवढंच आपल्याला हवंय.

सोहळ्याला हॉल खचाखच भरला. जुन्या संघातले सातजण आले होते. एकाचं पोट जर्सीच्या बाहेर डोकावत होतं, दोघांनी चष्मे दोरीने बांधले होते. नव्या संघाच्या कोचने आपल्या खेळाडूंना आधीच तंबी दिली होती: म्हाताऱ्यांपैकी कुणालाही धक्का लागला तर महिनाभर पायऱ्या चढायला लावीन. पंचांच्या टेबलावर काकांच्या जागी सून बसली होती. तिच्यासमोरचं चोवीस सेकंदांचं घड्याळ बंद होतं आणि बास्केटवरचा त्याचा चौकोन काळा दिसत होता. काकू तिसऱ्या रांगेत, सुया चालू.

पहिली दोन मिनिटं नव्यांनी मजा केली. भिंगरीने एक गिरकी घेतली आणि खांब अजून कुठे वळायचं याचा विचार करत असताना दोन गुण झाले. मग एकाने लांबून, रेषेच्या बाहेरून टाकला. लोकांनी तीन बोटं वर केली. पंचांनी दोन दाखवली. जुन्या नियमात तीन नव्हतेच. चार-शून्य.

मग चेंडू काकांच्या हातात आला, आणि काका थांबले.

त्यांनी तो खांबाला दिला, खांबाने परत दिला. चष्मेवाल्याला दिला, परत आला. कुणी धावत नव्हतं. त्यांचे गुडघे पळायला तयार नव्हते, पण चेंडूला गुडघे नसतात. दहा सेकंद झाले, पंधरा झाले. प्रेक्षकांतून कुणीतरी जांभई दिल्याचा मोठा आवाज काढला आणि हशा पिकला. काकांना तो आवाज ओळखीचा होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी असाच आला होता, फक्त तेव्हा त्याच्यामागे कुणी हसलं नव्हतं.

काका मनात मोजत होते. एकवीस, बावीस. बारा वर्षं त्या टेबलावर बसून त्यांनी एक गोष्ट रोज पाहिली होती आणि कुणालाच सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आजचा खेळाडू अडवताना जीव तोडून अडवतो, पण बरोबर चोवीस सेकंद. भोंगा वाजायच्या क्षणी त्याचे हात आपोआप खाली येतात, कारण त्याचं काम संपलेलं असतं. लहानपणापासून तेच घड्याळ त्याच्या अंगात भरलेलं असतं.

तेवीस. चोवीस.

भोंगा वाजला नाही. पण नव्यांच्या पाचही जणांचे हात खाली आले. काकांचा चेंडू त्या हातांवरून गेला आणि बास्केटखाली एकट्या उभ्या असलेल्या खांबाच्या पंजात जाऊन बसला. खांबाला उडी मारावीच लागली नाही.

हॉल गदगदून हसला. पुढच्या वेळी पुन्हा तेच घडलं. तिसऱ्या वेळी भिंगरीच्या लक्षात आलं, तो ओरडला, "हात वर, हात वर ठेवा!" पण सांगून का सवय जाते? बाकीच्या चौघांचे हात पडलेच. आता प्रेक्षकही मोजायला लागले होते. "तेवीस! चोवीस! पंचवीस!" पंचवीसला सगळा हॉल एकदम गर्जायचा. मधूनमधून नव्यांनी वेगाने दोन बास्केट काढले, जुन्यांनी सावकाश आणखी एक काढलं. शेवटचं दीड मिनिट राहिलं तेव्हा भिंगरीने दमून चष्मेवाल्याला चुकून हात लावला. फ्री थ्रो, एकेका गुणाचे दोन. चष्मेवाल्याने चष्मा पुसला, एक घातला, एक घालवला, आणि घालवलेला चेंडू उसळून खांबाच्याच हातात पडला. जुने नऊ, नवे आठ.

खांबाने चेंडू काकांकडे दिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पुढे काय करायचं ते बोलावं लागलं नाही.

काकांनी चेंडू स्वतःकडेच ठेवला. भिंगरी समोर आला, घामाने निथळत, दात काढत. तो आता अजिबात हात खाली आणत नव्हता. पंचवीस गेला, तीस गेला. काका अर्धं पाऊल डावीकडे सरकले की तोही सरकायचा. चाळीस. हा मुलगा शिकला, काकांना वाटलं, आणि त्यांना फार बरं वाटलं. त्याचा हात चेंडूच्या बोटभर जवळ आला तेव्हा त्यांनी तो खांबाला दिला, पाठीमागून परत घेतला. पन्नास. लोक उभे राहून मोजत होते. एकोणऐंशी, ऐंशी. घामाने काकांना समोरचं धूसर दिसत होतं. तिसऱ्या रांगेकडे बघायची फार इच्छा होती, पण बघितलं असतं तर चेंडू गेला असता. म्हणून त्यांनी बघितलं नाही.

शिट्टी वाजली. नव्वद.

भिंगरीने काकांना उचललं, कोचची तंबी विसरून. "काका, पंचविसावा सेकंद असतो," तो कानात म्हणाला. सून टेबलावरून धावत आली. तिने हातात कागद धरला होता आणि त्यावर घाईघाईने एक नवा रकाना आखला होता. यादीत आता कितवे, असं खांबाने तिला दटावून विचारलं. "विसावेच," ती म्हणाली, "पण खाली एक ओळ लिहिणार आहे." खांब पुटपुटला, पण ओळ काय असणार ते ऐकायला तिच्यामागोमाग गेला.

काका कठड्याला धरून एक एक पायरी चढत तिसऱ्या रांगेपाशी आले. काकू बसल्या होत्या. चेहरा लाल झाला होता, घसा बसला होता.

"किती झालं?" काकांनी विचारलं. आवाज सहज ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला.

काकूंनी मांडीवरचं निळं विणकाम उचलून दाखवलं. एक सुई गायब होती. खालच्या खुर्च्यांमध्ये कुठेतरी घरंगळली असावी. टाके सगळे सुटले होते, आणि सकाळपासून विणलेल्या भागातला निम्मा उसवून लोकर पायाशी लोंबत होती.

"हे असं झालं," काकू बसक्या आवाजात म्हणाल्या. "उभी कधी राहिले ते कळलंच नाही मला."

काका त्यांच्याशेजारी बसले. मग त्यांनी वाकून लोकरीचं टोक उचललं आणि ते हळूहळू बोटांभोवती गुंडाळायला लागले.

"पुढच्या वेळी आधी सांगत जा," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी लोकर घरीच ठेवीन."