पाच मिनिटांची उशी

सकाळी आठ वाजता त्या घरात श्वास घ्यायलाही फुरसत नसे. दाढी आटोपून सासरे चहासाठी हाका मारू लागत, आणि नेमक्या त्याच वेळी सुनेला पाच मिनिटे एका उशीवर पाठ टेकून पडायचे असे. तिचे हृदय रक्त पुरेसे पुढे ढकलू शकत नव्हते. डॉक्टरांनी हृदयाजवळच्या रक्तवाहिनीत दाब मोजणारे इवलेसे यंत्र बसवले होते. उशी तो दाब वाचून इस्पितळात कळवी. दाब चढला, की औषध वाढवायचे. एवढेच.

"उजाडल्यावर सून आडवी झालेली या घरानं पाहिली नाही," सासूबाईंनी उशी घरी आली त्याच दिवशी बजावले होते. "ह्यांच्यासमोर पाय पसरून पडणार का?"

तिचा नवरा घड्याळे दुरुस्त करी. लोकांची चुकलेली वेळ लावून देणाऱ्या त्या माणसाला घरात तोंड उघडायला मुहूर्त सापडत नसे.

बाराव्या दिवशी इस्पितळातून परिचारिकेचा फोन आला. नवऱ्याने तो स्पीकरवर घेतला.

"अहो, उशी रोज चालू होते, पण दाब काही येत नाही. झोपतं कोण तिच्यावर?"

त्याने आईकडे पाहिले.

"मी झोपते," सासूबाई निरागसपणे म्हणाल्या. "घरातल्या कुणीतरी नेम पाळायचा ना? हिला कामं असतात. माझं वय झालंय, मला कोण नावं ठेवणार? एक दिवस चुकवला नाही हो मी!"

त्याला हसू आले, आणि ओठांवरच विरले. बायकोची पावले त्याला आज प्रथमच दिसली. सुजून ती चपलेत मावत नव्हती. बायको ओट्याला रेलून धापा टाकत होती.

"आत्ता झोपवा त्यांना," फोनवरून आवाज आला. "मी थांबते."

"चहा!" बाहेरून हाक आली.

"तेवढा चहा देऊन ये," तो सवयीने पुटपुटला, "मग..."

"नाही," ती म्हणाली. "आधी मी."

उशी माजघरात होती. ती तिथेच जाऊन, सर्वांदेखत उशीवर आडवी झाली. सासरे दारात आले. "ही काय रीत झाली?" तिने डोळे मिटून घेतले.

"दाब फार चढलाय," परिचारिका म्हणाली. "लगेच घेऊन या. बारा दिवसांपूर्वीच कळलं असतं हो हे."

त्याने बायकोला उठवण्यासाठी हात पुढे केला. तिने क्षणभर त्या हाताकडे पाहिले, आणि भिंतीचा आधार घेतला.