वच्छलाबाईंचा पासवर्ड

ढाणकीत माझा तीन कॉम्प्युटरचा क्लास आहे, आणि रागाच्या बाबतीत 'नाहिद मॅडम' हे नाव काही चांगलं नाही. कोणी माउस आपटला की मी ओरडते. वच्छलाबाईंवर मात्र ओरडता यायचं नाही. चाळिशी ओलांडलेली ही बाई कापूस वेचून चिरलेल्या बोटांनी एकेक अक्षर शोधायची, आणि चुकलं की "अवं माय" म्हणून स्वतःच हसायची.

साल २००६. कापसानं लागोपाठ दगा दिलेला. गावागावातली घरं कशी जगताहेत याची माहिती कॉम्प्युटरवर भरायला एका संस्थेला तालुक्यातून एक बाई हवी होती. आपल्या गावातल्या वीस घरांची माहिती टाइप करून शनिवारी दुपारी बाराच्या आत ई-मेल करायची, त्यावरून निवड. वच्छलाबाईंना ते काम हवंच होतं. "जलमभर वावरात वाकून झालं मॅडम, आता एकडाव खुर्चीवर बसून काम करा वाटते," असं त्या म्हणायच्या.

फाइलला कुलूप लावायला मीच शिकवलं. कोणाच्या घरातलं माणूस गेलं, कोणाची पोर शाळेतून काढली, असलं सगळं त्यात होतं. वर शहाणपणाही शिकवला, "पासवर्ड कागदावर लिहायचा नाही. कधी विसरणार नाही आणि तोंडून कधी निघणार नाही, असा शब्द घ्या."

गुरुवारी लेकीचं बाळंतपण आलं नि त्या यवतमाळला गेल्या. शनिवारी साडेअकराला त्यांचे यजमान फ्लॉपी घेऊन आले, धुतलेल्या दुपट्ट्यात बांधून. बाराला लोडशेडिंग. फ्लॉपी टाकली, तर फाइलनं पासवर्ड मागितला.

"काका, पासवर्ड काय?"

"थो काय असते? मले तं तिनं काही सांगतलं नाही."

जावयाच्या मोबाइलवर फोन लावला. वच्छलाबाई फोनवर आल्या.

"बाई, पासवर्ड सांगा लवकर."

तिकडून बारीक आवाज आला, "मॅडम, थो तोंडानं नाही सांगता येत."

माझं डोकं फिरलं. "अहो, वीस मिनिटं उरलीत! एकेक अक्षर सांगा!"

"तसं बी नाही येत." मग आणखी हळू, "फ्लॉपी घेऊन जे आले ना, त्यायलेच त्यायचं नाव इचारा."

मी कपाळावर हात मारला. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव घेत नाही. तोंडून न निघणारा शब्द मी मागितला, तिनं सगळ्यात पक्का दिला.

"काका, नाव काय तुमचं?"

"पुंडलिक."

टाइप केलं. उघडेना. पुन्हा केलं, आडनाव लावून पाहिलं. उघडेना. अकरा पन्नास झाले. मग डोक्यात आलं, ही बाई नुसतं 'पुंडलिक' कशाला लिहील? 'पुंडलिकराव' लिहिलं आणि वीसच्या वीस घरं समोर उघडली. मेल गेला, आणि पाचेक मिनिटांत पंखा थांबला.

काम वच्छलाबाईंनाच मिळालं, पण ते पुढच्या आठवड्यात कळलं. त्या दुपारी काका तिथंच उभे होते.

"कशानं उघडलं, मॅडम?"

मी सांगितलं.

"राव?" ते म्हणाले. "मले तं अख्खं गाव पुंड्या म्हणते." मग विचारलं, "अन् हे ती रोज लिहे?"

"रोज. त्याशिवाय फाइल उघडतच नाही."

चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकलं नव्हतं. मला एकदम रडू आलं, म्हणून मी उगाच वायरी सारख्या करत बसले. काकांनी दुपट्टा झटकला, वच्छलाबाईंच्या खुर्चीवर अंग चोरून बसले.

"लाइट कधी येते?"

"चारला."

"मंग बसतो. लाइट आली का मले तिचं नाव लिवाले शिकवा."